विभक्त राहत असल्याचा दाखला

आबा, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने मी सांगलीला परत आले. रजा संपली होती, म्हणून लगेच दुसऱ्या सकाळी कामावर गेले. जूनचा शेवट, म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलावर ई.बी.सी.च्या, म्हणजे फीमाफीच्या, अर्जांचा ढीग. मी नसताना त्याला कुणी हात लावला नव्हता. हेडक्लार्क म्हणाले, "वाईट झालं. कोण होते तुमचे?" मी सांगितलं, थोरले चुलते. "एकत्रच होतात का सगळे?" त्यांनी सहज विचारलं, आणि मी मान खाली घालून अर्जांची चळत सरळ करू लागले. त्यांना वाटलं रडू आवरतेय. ते वळून आपल्या कामाला लागले.

त्याच दुपारी खिडकीपाशी एक शेतकरी आले. मुलाचा अर्ज हातात धरलेला, घडी पडून मऊ झालेला. मला म्हणाले, "बाई, आमी दोघं भाऊ एकत्र हाय. तेवढ्यानं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय. येगळं ऱ्हातोय असं दाखवलं तर पोराची फी माफ हुईल का?" दर जूनला हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं असतं, तुमच्या तलाठ्यांना विचारा. या वेळी मात्र थांबा जरा, म्हणून मी आत गेले, माठातलं पाणी प्याले आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. परत आले तर ते तसेच खिडकीला धरून उभे. मी म्हणाले, "दाखवणं सोपं असतं. आधी घरी सगळ्यांनी बसून बोला." त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मान हलवून गेले.

थकले आहे, आबा. अंग दुखतं तसा हा थकवा नाही. आठ वर्षं एक गोष्ट न बोलता सांभाळली, आता ज्याच्यासाठी सांभाळली तो माणूसच नाही, आणि तरी ती बोलायची की नाही ते कळत नाही, तसलं काहीतरी आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला पत्रं लिहायची मला लहानपणापासून सवय.

तुम्ही पलटणीत होता तेव्हा घरातली सगळी पत्रं मी लिहायची. आण्णा सांगायचे, आई स्वयंपाकघरातून सांगायची, आणि मी लिहायची. तुमच्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि ठिकाण कधी चुकलं नाही. काकू गेली तेव्हासुद्धा नाही. मी तेव्हा पहिलीत होते, काकू मला आठवतही नाही नीट. मूलबाळ नव्हतं. पुढे हवालदार होऊन, पेन्शन घेऊन तुम्ही घरी आलात ते कायमचे, आणि आल्या आल्या पहिली गोष्ट काय केलीत तर माझी वही मागितलीत आणि माझ्या पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका, ज्या तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवल्या होत्या, त्या मला दाखवल्यात.

एकाहत्तर साली मी मॅट्रिक झाले. सायन्सला जायचं होतं. सांगलीच्या कॉलेजात नाव लागलं, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली. रहिमतपूरपासून चार मैलांवरच्या आमच्या गावातून तोवर एकही मुलगी कॉलेजला गेली नव्हती. आण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांच्या खिशात मलकापूरच्या एका स्थळाचं पत्र होतं. कॉलेजची फी भरून वर वसतिगृह, मेस, पुस्तकं, हे सगळं आपल्याला झेपणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. फी माफ झाली तरच जमणार होतं.

तलाठी भाऊसाहेब सोप्यात येऊन बसले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दाराआड उभी. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "हवालदार, तुमची पेन्शन आडवी येतीया. नुसती शेती धरली असती तर पोरगी बसली असती. पर घर एकत्र, तुमी कुटुंबप्रमुख. पेन्शन मिळवली की थोडक्यात वर जातंय."

आण्णा म्हणाले, "मग आता?"

"आता काय. येगळं ऱ्हातोय म्हणून लिहून द्या दोघं भाऊ. कोण येतंय बघाय?"

तुम्ही म्हणालात, "कोण बघाय येत न्हाई म्हणून लिवायचं व्हय?"

"दादा, कागदापुरतं हाय ते," आण्णा म्हणाले.

"कागदापुरतं म्हंजे खोटं. खोट्यावर मी सही करणार न्हाई." आणि उठून तुम्ही जनावरांकडे गेलात.

मी तुमच्याशी बोलणं सोडलं. आपल्या घरात माझं बोलणं बंद होणं म्हणजे मोठीच अडचण होती, कारण आई आणि तुम्ही माझ्या तोंडूनच बोलायचा. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तुम्ही पाटावर बसलेले, आई चुलीपाशी, मध्ये हातभर अंतर. आई म्हणायची, "शालन, आबास्नी इचार भाकरी वाढू का." तुम्ही म्हणायचा, "शालन, सांग अर्धी वाढ म्हणून." मी काही न सांगताच अर्धी भाकरी तुमच्या ताटात यायची. त्या दोन-तीन दिवसांत मी मुद्दाम गप्प बसले. तुम्ही वाढण्याची वाट बघत बसलात, आईला कळेना वाढू की नको, आणि शेवटी तुम्ही हात धुतलात. असला सूड मी घेतला होता. सतराव्या वर्षी माणूस असाच वागतो, असं मी स्वतःला सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करून, कोट घालून तयार. "चल, कोरेगावला जायचंय. मामलेदार कचेरीत." आण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांना वाटलं तुम्ही नमलात. अर्जाची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती.

कचेरीत कारकुनाने प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मी माझ्या धाकट्या भावापासून विभक्त राहत असून माझं राहणं, जेवण व शिधापत्रिका स्वतंत्र आहे, वरील मजकूर खरा आहे. त्याने बोट ठेवून सहीची जागा दाखवली. तुम्ही कागद उचललात, स्वतः पुन्हा वाचलात, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग म्हणालात, "जेवण स्वतंत्र आहे असं लिवलंय. मी आज सकाळी घरातच खाऊन आलोय."

कारकून हसला. "हवालदार, उद्यापासनं खाऊ नका."

"मग उद्याची तारीख घाला."

"उद्या साहेब न्हाईत. शनिवारी या."

"शनिवारी येतो," म्हणून तुम्ही उठलात.

परतीच्या एस.टी.त मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्हाला मला शिकवायचंच नाही, तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय, मलकापूरला तुम्हीच जा. मागच्या बाकावरचे लोक ऐकत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. तुमच्या कोटाच्या खिशातलं ते न सही केलेलं प्रतिज्ञापत्र एस.टी.च्या हिसक्यांनी वर वर यायचं आणि तुम्ही ते बोटाने आत ढकलायचा.

घरी आल्यावर तुम्ही पाणीसुद्धा न पिता तुमची पलटणीतली ट्रंक ओढून काढलीत. वळकटी बांधलीत. एक घागर, एक तवा, एक पातेलं, पितळी आणि तांब्या, एवढं पोत्यात भरलंत. आण्णा मागे मागे. "दादा, ह्ये काय चाललंय?"

"माझी पेन्शन आडवी येतीया नव्हं? मग मी बाजूला हुतो," तुम्ही म्हणालात. "येगळं लिवायचं तर येगळं ऱ्हायचं. त्यात काय अवघड हाय?"

आई उंबऱ्याच्या आत उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी तिच्या वतीने काहीतरी विचारावं. मी विचारलं नाही. मला आत कुठेतरी आनंद झाला होता, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही भरगावातून, दिवसाढवळ्या, मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीकडे निघालात. लोक ओट्यावरून बघत राहिले.

शनिवारी तुम्ही एकटेच कोरेगावला जाऊन सही केलीत. शिधापत्रिकेवरून नाव कमी केलंत. तलाठी पंच घेऊन मळ्यात आले, तीन दगडांची चूल बघून गेले. अर्ज वेळेत सांगलीला पोचला आणि माझी फी माफ झाली.

वसतिगृहात जाण्याआधी मी तुम्हाला भेटायला मळ्यात आले होते. तुम्ही तव्यावरच्या भाकरीशी झगडत होता. पलटणीत चपात्या शिकला होता, भाकरी कधी थापली नव्हती. ती मध्ये चिरली होती आणि कडेला जळली होती. मी म्हणाले, आबा, सही तर झाली, आता जेवायला तरी घरी या. त्यावर तुम्ही मला जे सांगितलंत ते आधी कधी सांगितलं नव्हतं.

"पलटणीत गेलो तवा मी अंगठाबहाद्दर हुतो. कागद पुढं सारायचे, अंगठा धरून टेकवायचे. काय लिवलंय, काय कबूल केलंय, कायबी म्हाईत न्हाई. एकदा माझ्या अंगठ्यानं मी दुसऱ्याची चूक माझ्यावर घेतलीया. शिक्षा भोगली. मग पलटणीतल्या शाळंत बसलो. सही शिकलो त्या दिवशी ठरवलं, वाचल्याबिगर सही न्हाई, आन सही केल्यावर ती खोटी पडू द्यायची न्हाई." मग चिरलेली भाकरी उलटवत म्हणालात, "तू जा. ह्ये जमंल मला."

मला वाटलं होतं महिना-दोन महिने. कागद दरवर्षी नवा लागतो हे आपल्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दर जूनला नवा अर्ज, नवा दाखला, आणि कचेरीतला तोच प्रश्न, अजून विभक्तच आहात का. तुम्ही 'व्हय' म्हणायचा आणि ते 'व्हय' खरं ठेवण्यासाठी पुढचं वर्षभर मळ्यात राहायचा. पी.डी.चं, म्हणजे प्री-डिग्रीचं, एक वर्ष आणि बी.एस्सी.ची तीन. अर्जावर कुटुंबातील व्यक्तींचा तक्ता असायचा. चार वर्षं मी तो माझ्या अक्षरात भरला. आण्णा, आई, मी, मंदा. धाकट्या मंदाच्या नावाखाली एक ओळ रिकामी राहायची. ती रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर आडवी रेघ मारायची.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला. मळ्यात प्यायलाही पाणी नव्हतं, तुम्ही गावातल्या टँकरवरून खांद्यावर घागर न्यायचा. त्या दिवसांत आईने मंदाच्या हाती फडक्यात भाकरी बांधून पाठवली. मंदा गाठ न सोडलेलं फडकं घेऊन परत आली. "आबा म्हंत्यात, आईला सांग माझी भाकरी झालीया." आईने ते फडकं कोनाड्यात ठेवलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. पुन्हा तिने कधी पाठवलंही नाही. मी सांगलीला, त्यामुळे तुमच्या दोघांच्या मध्ये बोलायला कुणी उरलं नव्हतं.

दिवाळीला मात्र तुम्ही यायचा. पाहुण्याला बंदी नाही, असा तुमचा हिशेब. धुतलेला कोट घालून सोप्यात बसायचा, आम्हाला ओवाळणी घालायचा, वाढतील ते खायचा आणि "येतो" म्हणून निघायचा. आपल्याच घरातून माणूस 'येतो' म्हणून निघतो हे बघताना आण्णा तोंड फिरवायचे.

गाव काय बोलत होतं ते मला दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत कळलं. गिरणीत दळण न्यायला गेले तर बायका बोलत होत्या. पोरीच्या कालेजापायी हिनं थोरल्या दिराला घराबाहेर काढला. पेन्शन घरात येत हुती तवर गोड हुता. मला बघून त्या गप्प झाल्या. मी पीठ तसंच टाकून मळ्यात आले. आठवतं तुम्हाला? तुम्ही बांधावर होता. मी ओरडले, "गाव आईला बोलतंय. तुम्ही सांगत का नाही लोकांना खरं काय ते?"

"काय सांगू? पुतणीची फी माफ व्हावी म्हणून येगळा झालो, असं? मग ह्यो कागद खोटाच न्हवं का ठरत?"

"मग आईने ऐकून घ्यायचं?"

तुम्ही वाकून बांधावरचं गवत उपटायला लागलात. मी मग जे टोचेल ते शोधलं. म्हणाले, "तुमची पेन्शन तर दर महिन्याला मनीऑर्डरने माझ्या मेसला येते. मग कसलं वेगळं? खोटं नाही का हे?"

तुम्ही विचार करून, अगदी कचेरीत द्यावं तसं उत्तर दिलंत. "चुलत्यानं पुतणीला पैसं द्याचं न्हाईत, असं त्या कागदात कुठं लिवलेलं न्हाई. मी दोनदा वाचलाय."

ते भांडण तिथेच राहिलं, आबा. पुढे कितीदा मनात मी ते पुढे नेलं. तुमचा खरेपणा तुम्हाला परवडला, त्याची किंमत आई देत होती, हे माझं म्हणणं मला अजून खरं वाटतं. आणि तुम्ही त्या दिवशी खोटी सही केली असती तर मी चार वर्षं सुखाने शिकले असते आणि तुम्हाला विसरले असते, हेही खरं वाटतं. मला दोन्हींतलं एक काही निवडता येत नाही. तुम्ही असता तर आता तरी निवांत बसून बोललो असतो. पण तुम्ही असताना मी निवांत बसले नाही, हेही आहेच.

पंच्याहत्तरला मी पास झाले आणि इथे कॉलेजच्या ऑफिसात लागले. आण्णा तुम्हाला न्यायला मळ्यात गेले. तुम्ही म्हणालात, "मंदीचं काय? तिचा अर्ज करायचा हाय नव्हं?" मंदा मॅट्रिक झाली, साताऱ्याला डी.एड.ला गेली. तिच्याही अर्जाला तोच दाखला. या सगळ्यात तुम्ही म्हातारे होत चालला होता आणि ते आमच्यापैकी कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

माझी स्थळं यायची आणि जायची. बघायला आलेली माणसं चहा पिताना विचारायची, थोरले बंधू वेगळे का राहतात? आण्णा म्हणायचे, त्यांना मळा आवडतो. माणसं एकमेकांकडे बघायची. हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही, आणि ते बघायची मला भीती वाटायची.

गेल्या वर्षी मंदा शिक्षिका झाली. घरात आता कुणाचा अर्ज उरला नव्हता. मी रविवारी आले आणि तुम्हाला म्हणाले, "आबा, आता चला घरी." तुम्ही खाटेची दोरी ओढत होता. म्हणालात, "सवय झालीया आता. बघू, पावसाळा हू दे." मी पुन्हा म्हणाले नाही. मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. तुम्ही आलात तर आठ वर्षांचं सगळं घरात उघड्यावर येणार, कोण कुणाला काय म्हणणार, कोण रडणार, ते सगळं निस्तरण्याची ताकद माझ्यात नव्हती. पावसाळा झाला. मी दिवाळीला आले, तुम्ही पाहुण्यासारखे येऊन गेलात.

मग या जूनमध्ये तार आली. मी पोचले तेव्हा तुम्ही सोप्यात होता, पांढऱ्या कापडाखाली. मला वाटलं गेल्यावर मळ्यातून घरी आणलं. विचारायला सवडच नव्हती. आण्णा तर कुणाशी बोलतच नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसलेले.

तेरा दिवस माणसं येत होती. बायका आईच्या गळ्यात पडायच्या, रडायच्या आणि उठताना बोलून जायच्या. "जित्तेपनी न्हाई, पर मेल्यावर तरी घरात घेतलासा." एकीने तर माझ्या देखत म्हटलं. मी उठले. हातातली कपबशी खाली ठेवली आणि सांगणार होते, सगळं, कागदासकट, तारखांसकट. आईने माझा पदर धरून खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "त्येनी इतकी वर्सं राखलं. तू कशाला मोडतीस?" मला तिचा फार राग आला. नंतर रागाची जागा कशाने घेतली ते मला सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आई आणि मी परसात तेराव्याची भांडी घासत होतो. मी तिला म्हणाले, "आबा एकटेच गेले गं. आपण साधं घरीही आणलं नाही त्यांना." आईने हातातली परात बाजूला ठेवली.

"कोण म्हनलं एकटं गेलं? नऊ दिस घरात हुतं की."

मग तिने सांगितलं. तुम्हाला ताप होता, छातीत कफ दाटला होता. आण्णांनी दोनदा बोलावलं, तुम्ही हलला नाहीत. मग एका दुपारी ती स्वतः मळ्यात गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इंजिनाच्या खोलीच्या दारात उभी राहून, लग्नानंतर पहिल्यांदा, थेट तुमच्याशी बोलली. "आवं, घरी चला. आता कुणाचाबी अर्ज न्हाई."

तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि तुम्हीही पहिल्यांदाच तिला उत्तर दिलंत. "मंदी कायम झाली का नोकरीत?"

"झाली."

"बरं," म्हणालात. उठून बसलात, चपला घातल्यात. आण्णांनी बैलगाडी जुंपली होती ती नको म्हणालात. तुम्ही पुढे आणि आई मागे, असे गावातून चालत घरी आलात. ओट्यावरच्यांनी बघितलं की नाही, आईला माहीत नाही. तिने मान वर करून बघितलं नाही.

"मला कळवलं का नाही?" मी विचारलं.

"बरं हुतील वाटलं. उतार पडत हुता. तुला रजा पडंल म्हणून न्हाई कळवलं." तिचे राख लावलेले हात तसेच. मग तिच्या चेहऱ्यावर मला न ओळखू येणारं काहीतरी आलं, हसण्यासारखं. "तिसऱ्या दिशी जरा जेवलं. वांग्याचं कालवण केलं हुतं. एक घास खाल्ला आन माझ्याकडं बघून म्हनलं, मीठ कमी हाय गं."

"त्यात हसण्यासारखं काय?" मी विचारलं.

"आठ वर्सं दिवाळीला येत हुतं, शालन. कवा अळणी झालं, कवा करपलं. झ्याक झालंय म्हणायचं आन खायाचं. पाव्हणा कवा म्हंतो व्हय मीठ कमी हाय?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार," आई म्हणाली, आणि परात पुन्हा ओढून घेतली. "उठलो, मीठ घातलं. मग भाकरी खाल्ली त्येनी, दीड."